अठरा महिने



'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांनी उर्दूत वाचली असेल. डोंगरावर जाण्यासाठी आसुसलेली आणि शेवटी रात्रभर लांडग्याशी झुंजणारी ती चांदनी तुम्हांला आठवत असेल. ही गोष्ट लिहिणारे डॉ. झाकीर हुसेन पुढे आपल्या देशाचे राष्ट्रपती झाले, हेही तुम्हांला ठाऊक असेल. त्यांच्या तरुणपणातला एक प्रसंग मी दर वर्षी नववीच्या वर्गात सांगतो. 2025 च्या जुलैमध्ये तोच प्रसंग मी एका तरुणाला जरा रागातच सांगितला. त्याने मला असे उत्तर दिले, की मी चार दिवस गप्प होतो. तो तरुण म्हणजे माझा धाकटा भाऊ नईम.

आधी तो प्रसंग सांगतो.

1920 साली, असहकाराच्या चळवळीत, अलीगढला जामिया मिलिया इस्लामिया ही संस्था निघाली. सरकारचा पैसा घ्यायचा नाही, आपले शिक्षण आपणच उभे करायचे, असा तिचा बाणा होता. तिच्या पहिल्या मंडळींत तेवीस वर्षांचे झाकीर हुसेन होते. 1922 मध्ये ते पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकू लागले. नुसते पुस्तकात डोके खुपसून बसणारे ते विद्यार्थी नव्हते. बर्लिनमध्ये काव्यानी नावाचा एक छापखाना होता आणि तेथे आपल्या लिपीचे खिळे मिळत. गालिबचा दीवान सुबक रूपात छापावा असे त्यांच्या मनात आले, तेव्हा ते स्वतः त्या छापखान्यात गेले आणि हाताने खिळे जुळवू लागले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी, परका देश, आणि बोटांना शाई लागलेली! हे चित्र मला फार आवडते.

बर्लिनमध्येच त्यांना दोन जिवलग सोबती मिळाले. आबिद हुसेन तेथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास करत होते. मोहम्मद मुजीब ऑक्सफर्डला इतिहास शिकून छपाईचे काम शिकण्यासाठी बर्लिनला आले होते. तिघेही पंचविशीच्या मागेपुढे. तिघांनाही हिंदुस्थानात परतल्यावर चांगली नोकरी मिळाली असती. त्या काळी विलायतेहून पदवी घेऊन येणारे तरुण होतेच किती?

इकडे जामियाची स्थिती मात्र वाईट झाली होती. खिलाफतीची चळवळ ओसरली आणि तिच्याबरोबर पैसाही आटला. 1925 मध्ये संस्था अलीगढहून दिल्लीच्या करोल बागेत भाड्याच्या घरांत आली. ती बंद करावी असे बोलणे सुरू झाले. हकीम अजमल खान आपल्या पदरचे पैसे घालून तिचा गाडा ओढत होते. गांधीजींनी तर जामियासाठी भीक मागण्याचीही तयारी दाखवली. ही बातमी बर्लिनला पोहोचली. झाकीर हुसेन यांनी कळवले, की मी आणि माझे मित्र आपले आयुष्य जामियाला द्यायला तयार आहोत, आम्ही परत येईपर्यंत ती बंद करू नका. 1926 च्या फेब्रुवारीत ते तिघे परत आले. झाकीर हुसेन यांना शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू, करण्यात आले. तेव्हा त्यांचे वय 29 वर्षे होते.

एकोणतिसाव्या वर्षी कुलगुरू! ऐकायला केवढे भारी वाटते! पण त्या खुर्चीखाली काय होते ते पाहा. इमारत स्वतःची नव्हती आणि तिजोरीत खडखडाट होता. 1927 च्या डिसेंबरात हकीम साहेबही वारले. तेव्हा 1928 मध्ये या मंडळींनी एक प्रतिज्ञा केली. वीस वर्षे जामियाची सेवा करायची आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही. पैसा उभा करण्यासाठी गावोगावच्या साध्या माणसांकडून लहान लहान देणग्या मिळवल्या. 1935 च्या 1 मार्चला ओखला या खेड्यात जामियाच्या स्वतःच्या इमारतीचा पाया घातला गेला. तो दगड कोणा मोठ्या पाहुण्याने बसवला नाही. शाळेतल्या सर्वांत लहान मुलाच्या हाताने बसवला.

हा प्रसंग सांगताना माझा आवाज चढतो, असे माझे विद्यार्थी म्हणतात. चढत असेल. मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवतो. पण या गोष्टीच्या वेळी मी मराठीचा शिक्षक राहत नाही, हेही खरेच.

आता नईमविषयी.

आमच्या घरी यंत्रमाग आहेत. मालेगावात ज्याच्या घरी माग नाहीत, त्याच्या शेजारी तरी असतातच. शुक्रवार सोडला तर आमच्या गल्लीत खटखटाट थांबत नाही. आम्ही मुले त्या आवाजातच अभ्यास करायचो आणि आवाज थांबला की दचकून वर पाहायचो. अब्बांना कापसाच्या तुसाने खोकला जडला, तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मला भूगोलात एम.ए. करायचे होते. पण घरात कोणाचा तरी पगार लवकर सुरू होणे भाग होते. मी बी.एड. केले आणि नोकरी धरली. नईम माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याच्या वाट्याला शिकण्याची वेळ आली, तेव्हा घरात माझा पगार येत होता. त्याने नाशिकला राहून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. मग एक दिवस म्हणाला, "भाईजान, मला पाण्याचे शास्त्र शिकायचे आहे. जर्मनीत शिकवतात. तेथे सरकारी विद्यापीठांत बहुधा फी नसते."

फी नसते हे ऐकून आम्हांला वाटले, की मग पैसे कशाला लागणार? ती आमची चूक होती, आणि तुमच्यापैकी कोणी उद्या हा विचार करणार असेल तर हे नीट समजून घ्या. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही, हे खरे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या एका प्रांतात मात्र 2017 पासून आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना दर सहामाहीला 1500 युरो भरावे लागतात. पण व्हिसा मिळण्यापूर्वी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम तेथल्या खात्यात भरून दाखवावी लागते. त्याला 'ब्लॉक्ड अकाउंट' म्हणतात. खाते आपले, पैसे आपले, पण दर महिन्याला ठरलेला हप्ताच त्यातून काढता येतो. नईम 2022 च्या ऑक्टोबरमध्ये गेला, तेव्हा ही रक्कम 10,332 युरो होती. आपले सुमारे सव्वाआठ लाख रुपये. सप्टेंबर 2024 मध्ये ती 11,904 युरो झाली. शिवाय नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या पदव्या आणि गुणपत्रिका 'एपीएस' या कार्यालयाकडून आधी तपासून घ्याव्या लागतात. नईम त्यातून थोडक्यात सुटला.

सव्वाआठ लाख आणले कोठून? आठांपैकी चार माग विकले. अम्मीचे कंगन गेले. मामूंनी तीन लाख उसने दिले. उरलेले माझ्या बचतीतले. केंद्र सरकारची 'पढो परदेश' नावाची एक योजना होती. तीत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज माफ होत असे. आम्ही चौकशीला गेलो, तर ती 2022-23 पासून बंद झाली होती. जे माग विकले, त्यांच्या जागी फरशीवर चार चौकोनी डाग राहिले. तेलाचे डाग होते, धुऊन निघाले नाहीत. अब्बांनी त्या जागेवर कधी काही ठेवू दिले नाही.

नईम ड्रेस्डेन शहरात गेला. ते शहर एल्बे नदीच्या काठी आहे. पहिल्याच आठवड्यात त्याने नदीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "भाईजान, ही नदी 1990 पूर्वी युरोपातल्या सर्वांत घाणेरड्या नद्यांपैकी एक होती." आमच्या मालेगावातून मोसम नदी वाहते आणि गिरणेला मिळते. भुईकोट किल्ल्याजवळ उभे राहिले की ती दिसते. वाहते असे आपले म्हणायचे. पावसाळा सोडला तर तिच्यात गावाचे सांडपाणीच अधिक. लहानपणी आम्ही दोघे पुलावरून नाक दाबून पळायचो. त्यामुळे त्या फोटोखालचे एक वाक्य मला पुरेसे होते. तो काय शिकायला गेला आहे, ते मला कळले.

तो तेथे अभ्यास करी आणि नियमाने परवानगी असेल तितके दिवस कामही करी. आता तेथे परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येते. एका हॉटेलात त्याने भांडी घासली, हे त्याने अम्मीला अजून सांगितलेले नाही. हे पुस्तक तिच्या हाती पडणार नाही, अशी माझी खात्री आहे.

2025 च्या जूनमध्ये त्याला पदवी मिळाली. आम्ही पेढे वाटले. अब्बा गल्लीत सर्वांना सांगू लागले, की नईम आता येणार. आणि आठवड्याने त्याचा फोन आला. तो म्हणाला, "भाईजान, येथे पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने राहू देतात. मी ते अर्ज भरले आहेत."

मी फोनवर काही बोललो नाही. रात्री कागद घेतला, उर्दूत चार पाने पत्र लिहिले आणि त्याचा फोटो काढून पाठवला. त्यात सर्व काही होते. चार माग, अम्मीचे कंगन, अब्बांचा खोकला. आणि शेवटच्या पानावर झाकीर साहेब. 'बर्लिनमध्ये त्यांनाही नोकरी मिळाली असती. पण आपल्या लोकांची हाक आल्यावर ते थांबले नाहीत. तुला हाक ऐकू येत नाही का?' असे मी लिहिले. पत्र पाठवून मला बरे वाटले. वर्गातल्या सर्वांत खोडकर मुलाला छडी मारल्यावर जसे क्षणभर वाटते, तसे. (मी आता छडी वापरत नाही. पण ते वाटणे मला आठवते.)

उत्तर यायला सहा दिवस लागले. तेही उर्दूत, हाताने लिहिलेले. त्यातला मुख्य भाग मी येथे मराठीत देतो.

'भाईजान, तुमचे पत्र वाचून मी रविवारी आगगाडीने बर्लिनला गेलो. येथून दोन तास लागतात. झाकीर साहेब जेथे शिकले, ते विद्यापीठ आता हुम्बोल्ट या नावाने ओळखले जाते. त्याच्या फाटकासमोर मी तासभर उभा होतो. तुम्ही लिहिलेले सर्व खरे आहे. पण भाईजान, त्यांना परत यायला जामिया होती. मला काय आहे? मी मार्चपासून भारतात पाच ठिकाणी अर्ज केले. दोघांनी उत्तर दिले नाही. एका कार्यालयाने सांगितले, की परदेशी पदवी आपल्या पदवीच्या बरोबरीची आहे असे प्रमाणपत्र आधी आणा, मग अर्ज पाहू. एकाने अनुभव विचारला. एकाने महिना अठरा हजार देऊ केले. अठरा हजारांत राहणे-खाणे भागवून मामूंचे तीन लाख मी किती वर्षांत फेडीन, ते तुम्हीच मुलांना गणित म्हणून घाला. मोसमसाठी मला काम करायचे आहे. पण मोसमसाठी काम करायला मला कोणी बोलावले आहे का? हाक ऐकू येत नाही म्हणता. हाक कोणी मारली?'

मित्रांनो, मला त्या पत्राचे उत्तर देता येईना. पहिले दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी मी जामियाच्या इतिहासाचे पुस्तक पुन्हा काढले. आपल्या बाजूचा एखादा दाखला सापडेल या आशेने काढले, हे कबूल करतो.

वाचताना माझे लक्ष प्रथमच दुसऱ्या माणसांकडे गेले. दर वर्षी वर्गात सांगताना मी बर्लिनच्या तिघांवर इतका खूश असे, की दिल्लीत कोण होते हे मी विसरून जाई. 1922 ते 1926 या चार वर्षांत जामिया चालू ठेवली कोणी? हकीम अजमल खान यांनी. केंब्रिजला शिकून आलेले बॅरिस्टर अब्दुल मजीद ख्वाजा यांनी. आणि ज्यांची नावे कोणी पाठ करत नाही, अशा शिक्षकांनी. परदेशी पदवी घेतलेल्या तीन तरुणांना एकोणतिसाव्या, चोविसाव्या वर्षी एवढी मोठी जबाबदारी मिळाली. ती घेणारे ते थोर होतेच. पण ती जागा त्यांच्यासाठी कोणीतरी चार वर्षे धरून ठेवली होती. 'बंद करू नका' असे बर्लिनहून कळवता आले, कारण दिल्लीत ते ऐकणारे कोणी होते.

आणि जागा असूनही माणसाला बसू दिले नाही, असेही आपल्याकडे घडले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. 1917 मध्ये ते त्याप्रमाणे बडोद्याला आले. महाराजांनी नोकरी दिली. पण त्या शहरात त्यांना राहायला कोणी घर देईना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरले, तर काठ्या घेतलेल्या लोकांनी तेथूनही त्यांना बाहेर काढले. एवढी विद्या घेऊन आलेला तरुण एका झाडाखाली बसून रडला आणि मुंबईला परत गेला. बडोद्याने काय गमावले, याचा हिशेब करता येईल का?

तेव्हा मला माझ्या पत्राची लाज वाटली. मी झाकीर साहेबांचे नाव छडीसारखे वापरले होते. आणि खरे सांगायचे तर त्या रागात थोडा माझा स्वतःचा हिशेबही होता. माझे एम.ए. राहिले, मी येथे राहिलो, म्हणून त्यानेही यावे. हे मी पत्रात लिहिले नव्हते, पण त्याने वाचले असणार. भावाला भावाचे अक्षर कळते.

चौथ्या दिवशी मी त्याला दोनच ओळी लिहिल्या. 'तुझे बरोबर आहे. तू तुझे अठरा महिने घे. पण येथे राहून मला करता येईल असे मोसमचे काही काम असेल तर सांग.'

त्याचे उत्तर पाच मिनिटांत आले. 'मोजा,' असे त्याने लिहिले. 'भाईजान, मोसम घाण आहे असे सगळे म्हणतात. पण कोणत्या महिन्यात किती, हे तिच्या काठावरच्या किती माणसांना सांगता येईल? दर महिन्याला एकाच दिवशी, एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजा आणि लिहून ठेवा. आकडे नसतील तर इंजिनिअर येऊनही काय करणार?'

बी.एड.च्या परीक्षेत आम्हांला वर्धा योजनेवर हमखास प्रश्न असे. 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून मुलांना शिक्षण द्यावे, या गांधीजींच्या विचाराची योजना आखायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. मी हे उत्तर घोकून लिहिले होते आणि चांगले गुणही मिळवले होते. हाताच्या कामातून शिकवायचे म्हणजे काय, ते मात्र मला ऑगस्ट 2025 मध्ये कळले.

आमच्या नववीच्या वर्गातली अकरा मुले-मुली तयार झाली. आम्ही काही मोठी यंत्रे आणली नाहीत. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेनएवढा टीडीएस मीटर, आम्ल-अल्क ओळखण्याच्या कागदी पट्ट्या, एक तापमापी आणि दोरी बांधलेली प्लास्टिकची बादली. पाणी किती गढूळ आहे हे पाहायला एक लांब काचेची नळी, तिच्या बुडाशी काळी फुली. वरून पाणी ओतत जायचे आणि फुली दिसेनाशी झाली की पाण्याची उंची लिहायची. ही युक्ती नईमने मोबाइलवर शिकवली. महिन्याचा दुसरा शनिवार ठरला. हाताला रबरी मोजे घालूनच पाण्याजवळ जायचे, हा नियम शाळेने घातला आणि तो योग्यच होता. एक जाड रजिस्टर केले. तारीख, वेळ, जागा, चार आकडे आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्याच्या रकान्यात मुले मराठीत वाक्ये लिहीत. 'आज पाणी निळसर दिसले', 'आज फेस होता', 'एक मेलेले मांजर होते'. मी वर्षभर निबंध लिहायला लावूनही जी मुले तीन ओळींपुढे जात नसत, ती आता शेरा लिहिताना रकान्याबाहेर जाऊ लागली.

दरम्यान नईमचे अर्ज चालू होते. पुष्कळ ठिकाणांहून नकार आले. पदवी तेथलीच असली तरी जर्मन भाषा नीट येत नसेल तर नोकरी मिळणे अवघड जाते. शिक्षण इंग्रजीत झाले, म्हणून त्याने भाषेकडे दुर्लक्ष केले होते. ते आता अंगावर आले. दुसरी भाषा कशाला शिकायची, असे माझ्या तासाला विचारणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. रोज संध्याकाळी दोन तास तो जर्मन शिकला. नोव्हेंबरमध्ये सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांचे आराखडे करणाऱ्या एका लहान कंपनीने त्याला घेतले. करार दोन वर्षांचा.

डिसेंबरमध्ये तो पंधरा दिवसांसाठी घरी आला. तीन वर्षांनी. अम्मीने त्याला पाहिले आणि किती वाळलास, एवढेच म्हणाली. अब्बांनी त्याला कारखान्यात नेले. चार माग चालू होते आणि बाकीच्या अर्ध्या जागेत ते चार डाग होते. नईम डागांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अब्बा, मामूंचे पैसे वर्षभरात फिटतील. मग पहिले हे चार माग."

अब्बा म्हणाले, "मागांची घाई नाही. मला आता आठ झेपणारही नाहीत." थोडे थांबून त्यांनी विचारले, "दोन वर्षांनी येशील?"

नईम लगेच हो म्हणाला नाही. मला ते आवडले. खोटे बोलून अब्बांना खूश करणे सोपे होते. तो म्हणाला, "काम शिकून घेतो. येथे त्या कामाला जागा झाली तर नक्की येईन. नाही झाली तर जागा करता येते का ते पाहीन. आज वचन देत नाही." अब्बांनी मान हलवली आणि ते मागाचा तुटलेला धागा जोडू लागले.

बर्लिनच्या त्या तिघांची एक मैत्रीण होती, गेर्डा फिलिप्सबोर्न. तिच्याविषयी नईमनेच मला त्या सुट्टीत विचारले. ती जर्मन ज्यू होती. हे तिघे मित्र परतल्यावर काही वर्षांनी तीही हिंदुस्थानात आली आणि 1933 पासून जामियाच्या लहान मुलांत राहून काम करू लागली. मुले तिला आपाजान म्हणत. 1943 मध्ये ती वारली आणि तिची कबर जामियाच्या कब्रस्तानातच आहे. "मग भाईजान," नईम म्हणाला, "शिकलेला माणूस कोणत्या देशाचा, हे कसे ठरवायचे?" मी त्याला चहा घे म्हणालो. सगळ्याच प्रश्नांची उत्तरे मोठ्या भावाला येत नाहीत.

दुसऱ्या शनिवारी तो आमच्याबरोबर पुलाखाली आला. मुले त्याच्याभोवती जमली. जर्मनीत बर्फ पडतो का, तेथे गोश्त हलाल मिळते का, पगार किती, असे प्रश्न सुरू झाले. त्याने सर्वांची उत्तरे दिली, पगाराचे सोडून. मग रजिस्टर मागितले आणि दगडावर बसून पानन् पान वाचले. ऑक्टोबरची ओळ रिकामी होती. त्याने विचारले, "येथे काय झाले?"

एक मुलगी घाबरत म्हणाली, "सर, तेव्हा सहामाही परीक्षा होती. आम्ही आलो नाही."

"मग अंदाजाने आकडा का लिहिला नाही?"

"मोजला नव्हता ना, सर."

नईमने माझ्याकडे पाहिले. त्याने तिचे कौतुक वगैरे केले नाही. फक्त खिशातून पेन काढून ऑक्टोबरच्या त्या रिकाम्या ओळीच्या शेऱ्यात लिहिले, 'मोजमाप घेतले नाही', आणि खाली सही केली. मग रजिस्टरच्या सर्व पानांचे फोटो काढून घेतले. डिसेंबरचे आकडे त्याच्यासमोर मुलांनीच घेतले. त्याने बादलीलाही हात लावला नाही.

तो गेला त्या रात्री मुंबईच्या बसपर्यंत अब्बाही आले. एरवी ते रात्रीच्या थंडीत बाहेर पडत नाहीत.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा पुलाखाली गेलो. मीटरवरचा आकडा डिसेंबरपेक्षा बराच वाढलेला दिसला. मुलांनी तेथूनच नईमला तो कळवला. जर्मनीत तेव्हा पहाट होती, तरी उत्तर आले, 'मीटर स्वच्छ पाण्याने धुवा आणि पुन्हा मोजा.'

आम्ही धुतला आणि पुन्हा मोजले. तोच आकडा आला. मुलांनी तो रजिस्टरमध्ये लिहिला.